मॉरिशस सहकुटुंब: साखरेचं संग्रहालय आणि चार धबधबे, कुठे किती वेळ द्यावा

मॉरिशसला मुलाबाळांसह आणि आजी-आजोबांसह जाणाऱ्यांना टूरवाले हमखास दोन दिवस विकतात, एक ‘नॉर्थ टूर’ आणि एक ‘साउथ टूर’. नॉर्थमध्ये राजधानी पोर्ट लुई, तिथल्या बंदरावरचा कॉदानचा बाजार आणि पाम्पलमूसची बाग. साउथमध्ये जहाजांच्या मॉडेलचं दुकान, गंगा तलाव आणि शामारेलचा धबधबा. ‘लाव्हान्त्यूर द्यु स्युक्र’ हे साखरेचं संग्रहालय बागेला अगदी लागून असूनही बऱ्याच पॅकेजमध्ये नसतं, आणि असलंच तर पाऊण तासात उरकतात. आमचं मत स्पष्ट आहे. जहाजांचं दुकान काढून टाका, संग्रहालयाला किमान अडीच तास द्या आणि धबधबे वेगळ्या दिवशी करा. बेट लहान आहे, जेमतेम ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद. म्हणूनच ‘सगळं एका दिवसात होईल’ असं वाटतं. पण उत्तरेच्या पाम्पलमूसहून नैऋत्येच्या शामारेलला जायला पोर्ट लुईची गर्दी आणि घाटाची वळणं धरून दीड-दोन तास लागतात. तोवर मुलं पेंगतात आणि धबधब्यापाशी दहा मिनिटंही कुणी उभं राहत नाही.

आधी संग्रहालय. बो प्लाँचा साखर कारखाना १९९९ मध्ये बंद झाला आणि त्याच इमारतीत २००२ मध्ये हे संग्रहालय उघडलं. मशिनरी बाहेरून आणून मांडलेली नाही, ती जिथे चालत होती तिथेच उभी आहे. कोल्हापूर, सांगली, नगरकडच्या लोकांनी कारखान्याची धुराडी रोज पाहिलेली असतात, पण आत जाऊन गाळप पाहण्याची संधी फारच थोड्यांना मिळते, आणि लहान मुलांना तर नाहीच. इथे थंड पडलेल्या यंत्रांच्या अगदी जवळून, मधल्या जिन्यांवरून आणि फलाटांवरून फिरता येतं. ऊस कुठून आत आला, चरकाच्या रुळांमधून रस कसा निघाला, चिपाड बॉयलरकडे कसं गेलं, रस चुन्याने साफ होऊन बाष्पीभवनाच्या भांड्यांत कसा आटला, हा सगळा प्रवास पायी करता येतो.

मुलांना एका ठिकाणी मुद्दाम थांबवा, निर्वात कढयांपाशी. पाक उघड्या कढईत आटवला की तो तापून काळपट होतो, गुळाच्या गुऱ्हाळात आपल्याला तेच हवं असतं. इथे बंद भांड्यातली हवा काढून घेतात. दाब कमी झाला की पाक कमी तापमानाला उकळतो, जळत नाही आणि त्यात स्वच्छ दाणा धरतो. पुढे सेंट्रिफ्यूज येतात. त्यात दाणे आणि मळी जोरात फिरवतात, जाळीतून मळी बाहेर फेकली जाते आणि साखर आत राहते. शाळेत ‘केंद्रोत्सारी बल’ पाठ केलेल्या मुलाला ती जाळीची टोपली समोर दिसली की पुस्तकातली आकृती लगेच कळते. साधारण एक टन उसातून शंभर किलोच्या आसपास साखर निघते, उरलेलं बहुतेक पाणी आणि चिपाड. चिपाड जाळून कारखाना स्वतःची वाफ आणि वीज बनवतो, हेही तिथे नीट समजतं.

यंत्रांच्या जोडीने इतिहासाचा मोठा भाग आहे, आणि खरं तर हे संग्रहालय साखरेइतकंच मॉरिशसचं आहे. डचांनी १६३९ मध्ये जावाहून ऊस आणला, फ्रेंचांनी कारखाने उभारले, १८१० मध्ये इंग्रज आले आणि १८३५ मध्ये गुलामगिरी संपली. त्याच सुमारास, मळ्यांना मजूर कमी पडू नयेत म्हणून हिंदुस्थानातून करारावर माणसं आणायला सुरुवात झाली. कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबई बंदरातूनही ती जहाजं सुटत होती, आणि रत्नागिरी-सातारा भागातून गेलेल्यांची पुढची पिढी आज मॉरिशसची मराठी मंडळी म्हणून ओळखली जाते. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते ती त्यांच्यामुळे. ही पार्श्वभूमी घरातल्या मोठ्यांनी आदल्या रात्री मुलांना सांगून ठेवली तर तिथले फलक नुसते फलक राहत नाहीत.

इथे एक अडचण मात्र आहे. फलक खूप आहेत, इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये आहेत आणि मजकूर दाट आहे. पहिल्या दालनापासून सगळं वाचत गेलं तर तासाभरात थकवा येतो, आणि सगळ्यात चांगला भाग, म्हणजे यंत्रं आणि चव, घाईत उरकावा लागतो. म्हणून सुरुवातीची दालनं भराभर पाहा, गुलामगिरी आणि करारबद्ध मजुरांच्या भागात निवांत वाचा आणि यंत्रांसाठी निम्मा वेळ राखून ठेवा. मुलांसाठी वेगळे, सोप्या भाषेतले फलक आणि प्रश्न आहेत. इंग्रजी वाचता येणारी साधारण सात ते बारा वर्षांची मुलं ते प्रश्न सोडवत पुढे जातात आणि कंटाळत नाहीत. त्याहून लहान मुलाला कडेवर घेण्याची तयारी ठेवा. जिने चढायला त्रास होणारं कुणी असेल किंवा बाबागाडी असेल, तर तिकिटाच्या खिडकीवरच सोपा मार्ग विचारून घ्या, आत शिरल्यावर शोधत बसू नका.

शेवटी दुकानाजवळ चाखण्याचं टेबल असतं. तिकिटातच ते येतं, तरी बरेच लोक एक चमचा चाखून पुढे जातात. तसं करू नका. तिथे साखरेचे वेगवेगळे प्रकार छोट्या भांड्यांत मांडलेले असतात, फिकट सोनेरीपासून जवळजवळ काळ्या मस्कोवाडोपर्यंत. क्रम महत्त्वाचा आहे: फिकटापासून सुरू करून गडदाकडे जा. उलटं केलंत तर गडद साखरेतल्या मळीची चव जिभेवर बसते आणि फिकट साखर पाणचट लागते. प्रत्येक प्रकाराची चिमूटभर घ्या, दाताने न चावता जिभेवर विरघळू द्या, मध्ये पाण्याचा घोट घ्या. सोनेरी साखरेत मधासारखा वास येतो आणि दाणा कोरडा राहतो. गडद मस्कोवाडो ओलसर असते, बोटाला चिकटते आणि तिची चव काकवीच्या जवळ जाते. रंगाचं कारण सोपं आहे. दाण्याभोवती मळी जितकी ठेवली तितका रंग गडद, चव दाट आणि ओल जास्त. घरी न्यायला घेणार असाल तर गडद मस्कोवाडो घ्या, कारण साधी ब्राऊन शुगर आपल्याकडेही मिळते. मात्र ती हवेत उघडी राहिली की दगडासारखी घट्ट होते. पाकीट फोडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. झालीच घट्ट तर रात्रभर डब्यात ओलं फडकं घातलेली वाटी ठेवली की सुटते. टेबलावर मोठ्यांसाठी रमही चाखायला देतात. गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नये, मग पुढे कितीही जवळ जायचं असो.

आवारातच ‘ल फाँगुराँ’ हे रेस्टॉरंट आहे. गोड पदार्थांसाठी नक्की बसा, तिथे ते याच साखरा वापरून करतात. जेवण महाग आहे आणि शाकाहारी पर्याय मोजके असतात, म्हणून शाकाहारी कुटुंबाने जाण्यापूर्वी फोन करून विचारावं. पोटभर आणि स्वस्त हवं असेल तर पाम्पलमूस गावात किंवा पोर्ट लुईच्या बाजारात दाल पुरी मिळते. वाटलेल्या डाळीचं सारण भरलेल्या पातळ पोळ्या, बहुधा जोडीने, आत घेवड्याची पातळ भाजी, टोमॅटोची चटणी आणि मिरचीचा ठेचा. लहान मुलांसाठी ‘साँ पिमाँ’ म्हणजे मिरची नको, एवढं आधीच सांगा, नाहीतर ठेचा न विचारता घातला जातो.

याच दिवशी पाम्पलमूसची बाग करावी, पण संग्रहालयाआधी. सकाळी ऊन कमी असतं आणि मोठ्या पानांच्या कमळांच्या तळ्यापाशी शांतता असते. अकरानंतर बाग तापते आणि नेमकं तेव्हाच छपराखाली यावं. बागेतली तालिपॉट ताडाची झाडं आयुष्यात एकदाच, अनेक दशकांनी फुलतात आणि मग मरतात, हे मुलांना तिथे उभं करून सांगण्यासारखं आहे. गाडी नसेल तर पोर्ट लुईच्या इमिग्रेशन स्क्वेअरहून उत्तरेकडच्या बस सुटतात. तिथे पोहोचलातच तर आप्रवासी घाट शेजारीच आहे. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘अ‍ॅटलास’ जहाजाने पहिले ३६ करारबद्ध मजूर आणले आणि पुढच्या दशकांत साडेचार लाखांहून जास्त माणसं या बंदरातून आत आली. २००६ पासून हे युनेस्कोचं वारसास्थळ आहे. दगडी पायऱ्या मोजून सोळा, पण त्यांच्यापाशी उभं राहण्यासाठी वेगळा अर्धा तास काढा. घाट आणि कॉदानमधलं ब्लू पेनी संग्रहालय, दोन्ही रविवारी बंद असतात. ब्लू पेनीत १८४७ ची ती प्रसिद्ध टपाल तिकिटं आहेत, पण उजेडाने शाई उडू नये म्हणून मूळ तिकिटांवर तासातून फक्त दहा मिनिटं दिवा लावतात, साधारण दर तासाच्या पंचविसाव्या ते पस्तिसाव्या मिनिटादरम्यान. एरवी तुम्हाला प्रती दिसतात. वेळ साधून जा.

आता धबधबे. यासाठी पूर्ण वेगळा दिवस ठेवा, आणि शक्यतो पश्चिम किनाऱ्याकडून, म्हणजे फ्लिक आँ फ्लाक किंवा ब्लॅक रिव्हरकडून सुरुवात करा. किनाऱ्यावरच्या कास नोयालहून शामारेलला चढणारा रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे. मुलांना गाडी लागत असेल तर गोळी निघण्याआधी अर्धा तास द्या, चढ सुरू झाल्यावर देऊन उपयोग नाही, आणि नाश्ता हलका ठेवा. टूरच्या बस साधारण अकराच्या सुमारास येतात, म्हणून फाटक उघडण्याच्या वेळेला पोहोचलात तर कठडा तुमच्या एकट्याचा असतो.

शामारेलचा धबधबा साधारण शंभर मीटर उंच आहे आणि एकाच झेपेत पडतो. आत खासगी रस्त्याने थोडं गेलं की वाहनतळ, आणि त्याला लागूनच पहिला कठडा. आजी-आजोबा इथेच थांबले तरी त्यांना धबधबा पूर्ण दिसतो. वरचा कठडा पायऱ्या चढून आहे. तिथून दरी जास्त खोल दिसते, पण गुडघे दुखणाऱ्याने तेवढ्यासाठी चढायची गरज नाही. पाण्यात उतरता येईल अशी अपेक्षा ठेवून येणाऱ्यांची इथे निराशा होते. हा लांबून पाहण्याचा धबधबा आहे. तळाशी जाणारी वाट आहे, पण ती वाटाड्यासोबत, वेगळ्या वेळेची आणि धडधाकट माणसांची.

पाण्याकडे पाहून झालं की कड्याकडे पाहा. काळ्या दगडाचे थरावर थर दिसतात, प्रत्येक थर म्हणजे वेगळ्या वेळी वाहून आलेला लाव्हा. हा बेसॉल्ट आपल्याला परका नाही. भूशास्त्रज्ञांच्या मते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा ओतणारा तप्तबिंदू, म्हणजे खोलातून लाव्हा वर येण्याची जागा, आणि पुढे कितीतरी काळाने मॉरिशस उभारणारा तप्तबिंदू एकच, आणि तो आज शेजारच्या रेयुनियन बेटाखाली आहे. जमीन सरकत उत्तरेकडे गेली, खालची आग जागेवर राहिली. सह्याद्रीच्या कड्यावरून आणि शामारेलच्या कड्यावरून पावसाचं पाणी एकाच घराण्याच्या दगडावरून पडतं. कुठल्याही टूरमध्ये हे सांगत नाहीत, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाला यापेक्षा रंजक काही सांगता येणार नाही.

त्याच तिकिटात सात रंगांची जमीन येते. ती सुंदर आहे, पण जाहिरातीच्या फोटोंत दिसते त्याहून बरीच लहान, कुंपणाबाहेरून पाहण्याची, वीस-पंचवीस मिनिटांची. बेसॉल्ट झिजून त्याची माती झाली, बाकीची द्रव्यं पावसाने वाहून नेली आणि लोह व अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं उरली. लोहामुळे तांबडे-तपकिरी पट्टे, अ‍ॅल्युमिनियमकडे झुकणारे निळसर-जांभळे. ढगाळ हवेत रंग मिटतात आणि ऊन थोडं तिरपं असताना खुलतात, भर दुपारी नव्हे. शेजारी अल्दाब्रा जातीची महाकाय कासवं आहेत आणि लहान मुलं तिथेच जास्त रमतात. शामारेलमध्ये एकूण दोन तास पुरतात. गावातली रेस्टॉरंटं क्रिओल जेवणाची, दर चढे, आणि रानडुकराचं व हरणाचं मांस तिथली खासियत. शाकाहारी मंडळींनी डबा बरोबर नेलेला बरा.

शामारेलहून पूर्वेला चढत गेलं की प्लेन शाँपानचं पठार लागतं. आधी ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचा देखावा, पुढे अलेक्झांड्रा धबधबा. दोन्हीकडे वाहनतळावरून थोडंच चालायचं आहे. अलेक्झांड्राची धार बारीक आणि लांबून दिसते, म्हणून फक्त धबधबा पाहायला कुणी एवढं येऊ नये. पण स्वच्छ हवेत तिथून जंगल आणि पलीकडे दक्षिणेचा समुद्र दिसतो, तो मोठा आनंद आहे. दुपारनंतर इथे ढग उतरतात आणि समोर पांढऱ्या भिंतीशिवाय काही राहत नाही. किनाऱ्यावर घाम येत असताना इथे मुलांना गार वारा झोंबतो, तेव्हा प्रत्येकाचं एक पातळ जॅकेट गाडीत असू द्या. माकडं धीट आहेत. हातात केळं किंवा वेफर्सचं पाकीट घेऊन गाडीतून उतरू नका आणि लहान मुलाच्या हातात तर काहीच देऊ नका. हंगामात रस्त्याच्या कडेला छोटे लाल चिनी पेरू मिठा-मिरचीत घालून विकतात. ते घ्या, धुऊन खा. पुढे थोड्याच अंतरावर गंगा तलाव आहे, ज्यांना दर्शन हवं त्यांनी परतीच्या वाटेवर करावं.

मुलांना पाण्याजवळ न्यायचंच असेल तर दक्षिणेत सुइयाकजवळचा रोचेस्टर धबधबा. उंची जेमतेम दहा मीटर, पण रुंद, आणि कातळ उभ्या चौकोनी खांबांसारखा चिरलेला. लाव्हा थंड होताना आकसतो आणि असा तडकतो, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर हेच घडलं आहे. प्रवेश फुकट. वाट उसाच्या मळ्यांतून कच्च्या रस्त्याने जाते. खड्डे खोल आहेत, भाड्याची छोटी गाडी खाली घासते, त्यामुळे अलीकडेच गाडी लावून चालत जाणं शहाणपणाचं. ऊस उभा असतो तेव्हा वळणापलीकडचं काही दिसत नाही, हॉर्न देत सावकाश जा. तिथे काही तरुण गाडी राखण्याचे, वाट दाखवण्याचे किंवा वरून उडी मारून दाखवण्याचे पैसे मागतात. नको असेल तर सुरुवातीलाच शांतपणे नको म्हणा, हवं असेल तर रक्कम आधी ठरवा. आपल्या मुलांना उडी मारू देऊ नका, कारण डोहाचा तळ प्रत्येक पावसानंतर बदलतो आणि गढूळ पाण्यात दगड दिसत नाहीत.

हेन्रिएटा गावाजवळचे ‘सेत कास्काद’, म्हणजे सात टप्प्यांचे टॅमरिंड धबधबे, चौघांत सगळ्यात देखणे आणि कुटुंबासाठी सगळ्यात अवघड. वरून दिसणारा देखावा थोडक्या चालीत होतो, तो करायला हरकत नाही. खाली उतरायचं तर अर्धा दिवस, मुळं आणि दोर धरून उतरणं, चिखल आणि फुटणाऱ्या वाटा. बारा वर्षांखालच्या मुलांना नेऊ नये असं आमचं ठाम मत आहे, आणि मोठ्यांनीही नोंदणी असलेला वाटाड्या घ्यावा. चुका ठरलेल्या असतात: दुपारी उशिरा सुरुवात करणं, पहिल्या डोहातच वेळ घालवणं आणि चढ उतारापेक्षा दुप्पट दमवतो हे विसरणं.

कुठल्याही धबधब्याला पाऊस पठारावर पडतो की किनाऱ्यावर, हे महत्त्वाचं. तुमच्या डोक्यावर ऊन असताना वर जोराची सर आली तर नदी मिनिटांत फुगते. पाणी एकदम तपकिरी झालं, पानं-काटक्या वाहत आल्या किंवा आवाज जड झाला, की फोटो न काढता सगळ्यांना बाहेर काढा. जानेवारी ते मार्च धबधबे भरलेले असतात, पण चक्रीवादळांचाही तोच काळ. वादळाचा इशारा असताना नदीकडे जायचंच नाही. ऑक्टोबरमध्ये हवा छान आणि पाणी कमी. मुलांसह जायला मे-जून आम्हाला सगळ्यात बरे वाटतात: उकाडा उतरलेला असतो आणि धारा अजून टिकून असतात. शाळांच्या सुट्टीतही ते बसतं. पायात रबरी तळव्याचे, मागून बंद बूट हवेत. शेवाळलेल्या बेसॉल्टवर चपला आणि क्रॉक्स घसरतात. डासांचं मलम दोन्ही दिवशी लागतं. रुग्णवाहिकेचा नंबर ११४, तो फोनमध्ये ठेवा.

टॅक्सी दिवसभरासाठी ठरवताना ठिकाणांची नावं क्रमाने लिहून द्या, आणि ‘दुकानात थांबायचं नाही’ हे भाव ठरण्याआधी बोला, नंतर नाही. काही चालकांना दुकानांकडून कमिशन मिळतं आणि तो तास तुमच्या धबधब्यातून जातो. मॉरिशसचा एक रुपया आपल्या दोन रुपयांपेक्षा थोडा कमी असतो, भाव ऐकताना तो हिशोब डोक्यात ठेवा. स्वतः गाडी चालवणार असाल तर वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. जूनच्या सुमारास ऊसतोड सुरू झाली की वर्षाअखेरपर्यंत दक्षिणेच्या आणि उत्तरेच्या रस्त्यांवर उसाचे ट्रक संथ चालतात आणि मागे रांग लागते. त्या महिन्यांत प्रत्येक टप्प्याला वीस मिनिटं जास्त धरा आणि शामारेलहून खाली उतरणं अंधार पडायच्या आत उरका.